स्टेहीकिन: सीमेआधीचा थांबा
स्टेहीकिन हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं छोटं गाव. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर, म्हणजे मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणाऱ्या लांब पायवाटेवर, कॅनडाआधी बहुतेकांचा शेवटचा शिधा इथेच. बाहेरून मोटाररस्ता नाही. शेलान सरोवरातून बोटीने या, विमानाने किंवा आमच्यासारखं पायी. ट्रेल गावच्या रस्त्याला मिळते त्या हाय ब्रिजहून गावात यायला बस मिळते आणि देव भलं करो तिचं, वाटेत बेकरीपाशी थांबते! दालचिनी रोल दोन खाल्ले, तिसरा बांधून घेतला.

पोस्टात स्वतःच्याच नावे धाडलेलं पार्सल होतं: मेतकूट, भाजके पोहे, लसणीची चटणी. पोचलो शनिवारी संध्याकाळी, रविवारी पोस्ट बंद. वार न बघणारा मीच शहाणा. एक दिवस जास्तीचा पर्पल पॉइंटला तंबूत काढला. सरोवरात पाय बुडवले तर दातच वाजले. मोबाइलला रेंज नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. दुकान छोटं आहे, आठवड्याचा शिधा पोस्टानेच पाठवा.