जांभळी नाक्याचं पूजासाहित्याचं दुकान: शंख घ्या, पण बॅटरी लावून

सासूबाईंच्या माहेरून आलेला शंख दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून फुटला. त्या काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या नौपाड्यातून चालत जांभळी नाका गाठला आणि कोपिनेश्वराच्या देवळाजवळच्या गल्लीतल्या एका दुकानात शिरले. गंमत बघा, देवळात महादेव आणि बाहेर शंखांचा ढीग! शंखचूड नावाच्या असुराला शंकरानं मारलं, त्याच्या हाडांचे शंख झाले, म्हणून महादेवाला शंखाचं पाणी घालत नाहीत.

काकांनी आधी विचारलं, "पूजेचा की वाजवायचा?" वाजवायच्याचं टोक कापलेलं असतं, पूजेचा अख्खा हवा. न विचारता कुठलाही शंख हातात कोंबणारे मी पाहिलेत, त्यामुळे इथे पैकीच्या पैकी गुण.

घोटाळा पुढे. काउंटरवरच्या मुलानं कपाटातून 'दक्षिणावर्ती', म्हणजे उजव्या तोंडाचा शंख काढला. १,८०० रुपये. "घरात लक्ष्मी येते, ताई." कोणाच्या घरात, ते दिसतच होतं. पाणी ओतायची चोच वर धरली की नेहमीच्या शंखाचं तोंड डावीकडे येतं. ह्याचं खरंच उजवीकडे होतं. तरी मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं. मन्नारच्या आखातात वगैरे सापडणाऱ्या आपल्या शंखात मधल्या दांड्यावर तीन-चार ठळक वळ्या असतात. हा आतून गुळगुळीत! म्हणजे अमेरिकेच्या किनाऱ्यावरची वेगळीच समुद्री गोगलगाय. तिच्या जातीत जवळजवळ सगळ्यांचीच तोंडं त्या बाजूला, त्यात नवल काही नाही. टेक्सासनं तर तिला राज्याचा शंख केलंय. हे सांगितल्यावर मुलगा म्हणतो, "मग इम्पोर्टेड आहे ना!" काकांनी मात्र गुपचूप तो परत कपाटात ठेवला.

साधा वामावर्ती, म्हणजे डाव्या तोंडाचा, ३५० ला घेतला. जड आहे, धार बारीक पडते. तुळजाभवानी आमची कुलदेवी, म्हणून परडीसाठी पाच कवड्याही घेतल्या. दहा रुपयांना एक; कवडीमोल म्हणायची सोय राहिली नाही.

खरी तक्रार अडणीची. शंख विकता आणि अडणी ठेवत नाही? शंख काय जमिनीवर ठेवायचा? चार दुकानं फिरून पितळेची, कासवाची मिळाली.

सासूबाईंनी शंख कानाला लावला, पाणी भरून पाहिलं. "आधीच्यापेक्षा लहान आहे," म्हणाल्या आणि अडणीवर ठेवून दिला.