ॲडम स्मिथचं ‘द थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’: काही महिने सोबत ठेवल्यावर

गेल्या पावसाळ्यात हे पुस्तक घेतलं, आता बाजारात हापूस आलाय. मधल्या काळात ते एकदा सलग वाचून झालं आणि नंतर रोज थोडंथोडं उघडत राहिले. मी बँकेत काउंटरवर बसते. चिडलेली, घाबरलेली, खुशीत असलेली, ओशाळलेली माणसं दिवसभर समोर येतात. स्मिथ नेमका यांच्यावरच लिहितो, म्हणून हे पुस्तक माझ्याकडे कपाटात न जाता पर्समध्ये राहिलं.

आधी थोडी ओळख. 1759 साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा स्मिथ ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता, आणि तिथल्या व्याख्यानांतूनच ते तयार झालं. अर्थशास्त्रावरच्या ज्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मुळे त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, तो ग्रंथ 1776 चा, म्हणजे सतरा वर्षांनंतरचा. स्मिथ म्हटलं की बाजार, स्वार्थ आणि तो ‘अदृश्य हात’ एवढंच बहुतेकांना आठवतं. या पुस्तकाचं पहिलंच वाक्य मात्र असं सुरू होतं, की माणूस कितीही स्वार्थी मानला तरी त्याच्या स्वभावात असं काहीतरी आहे ज्यामुळे दुसऱ्याचं भलं त्याला हवंसं वाटतं, जरी त्यातून त्याला ते पाहण्याच्या आनंदापलीकडे काहीच मिळत नसलं तरी.

त्या काळी माणूस मुळात कसा आहे यावर मोठा वाद चालू होता. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने शंभर वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं की वचक ठेवणारी सत्ता नसेल तर माणसं एकमेकांच्या जिवावर उठतील. मँडेव्हिल या लेखकाचं म्हणणं, सद्गुण म्हणजे नटवलेला अहंकार. स्मिथचे स्वतःचे गुरू हचिसन परोपकाराला सगळ्या नीतीचं मूळ मानत. आणि 1755 मध्ये विचारवंत रूसोने विषमतेवरच्या निबंधात समाजानेच माणूस बिघडवला असं मांडलं. त्यावर स्मिथने पुढच्याच वर्षी लिहिलंही. या सगळ्यांत मला स्मिथ जवळचा वाटतो, कारण तो माणसाला देव किंवा जनावर ठरवायची घाई करत नाही. तो आधी बघतो.

त्याचं निरीक्षण किती बारीक आहे याचा एक नमुना. तो म्हणतो, संतापलेला माणूस दिसला की त्याच्या रागाचं कारण कळेपर्यंत आपण त्याच्याच विरोधात जातो. काउंटरवर हे मी अगणित वेळा पाहिलंय. एक गृहस्थ आरडाओरडा करत आले की रांगेतले सगळे माझ्या बाजूने होतात, “अहो काका, ताईंवर काय ओरडता!” आणि एखाद्या आजी पासबुक पुढे सरकवून हळू आवाजात म्हणतात, “बाळा, पेन्शन या वेळीही जमा नाही झाली गं,” की तीच रांग क्षणात माझ्याकडे जाब विचारणाऱ्या नजरेने पाहायला लागते. तक्रार दोघांची एकच असते. स्मिथचं स्पष्टीकरण असं: बघणारा कितीही मनाचा चांगला असला तरी आपल्या भावनेच्या पट्टीपर्यंत तो पोचू शकत नाही. म्हणून आपणच आपला सूर खाली आणतो, त्याला गाता येईल इतका. दोघांचे सूर एक होत नाहीत, पण जुळतात, आणि समाज चालायला तेवढं पुरतं. हे वाचल्यापासून ओरडणाऱ्या काकांचंही कारण मी आधी विचारते. तो राग कशासाठी आहे हे रांगेला ऐकू गेलं की काकांचा आवाज आपोआप उतरतो.

पुस्तकाचा गाभा मात्र तिसऱ्या भागात आहे. आपल्याकडे ‘जनाची नाही तर मनाची तरी’ म्हणतात. ही मनाची लाज येते कुठून? स्मिथचं उत्तर मला अजूनही थक्क करतं: ती जनांकडूनच येते. एखादं माणूस लहानपणापासून एकट्याने, कुणाशीही संपर्क न येता वाढलं, तर आपला चेहरा सुंदर की कुरूप हे जसं त्याला कळणार नाही, तसंच आपलं वागणं चांगलं की वाईट हेही कळणार नाही. समाज हा त्याचा पहिला आरसा. इतरांच्या नजरेने स्वतःकडे पाहता पाहता आपल्या आत एक निःपक्षपाती प्रेक्षक तयार होतो. आणि मग हा प्रेक्षक बाहेरच्यांच्या पुढे जातो. लोकांनी वाहवा केली तरी तो म्हणू शकतो, तू त्या लायक नाहीस. लोकांनी दगड मारले तरी म्हणू शकतो, तुझं काही चुकलं नाही.

भूकंपाचा प्रसिद्ध उतारा याच भागात आहे, आणि तो जवळजवळ नेहमी अर्धाच सांगितला जातो. समजा, अख्खा चीन भूकंपात गडप झाला. युरोपातला एखादा सहृदय माणूस ही बातमी ऐकून हळहळेल, जीवन किती क्षणभंगुर यावर चार वाक्यं बोलेल, व्यापारावर काय परिणाम होईल याचाही विचार करेल आणि रात्री निवांत झोपेल. उद्या स्वतःची करंगळी कापायची आहे म्हटलं तर मात्र त्याचा डोळ्याला डोळा लागणार नाही. पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या 1755 च्या भूकंपाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, त्यामुळे वाचणाऱ्यांना हे लांबचं वाटलं नसणार. बहुतेक जण इथे थांबतात आणि ‘बघा, माणूस असाच’ म्हणतात. स्मिथ पुढे विचारतो: ती करंगळी वाचवण्यासाठी हा माणूस त्या लाखोंचा बळी देईल का? नुसत्या कल्पनेनेही तो शहारेल. भावना इतकी तोकडी असताना त्याला कोण अडवतं? परोपकाराची मंद ज्योत नव्हे, तर आतला तो प्रेक्षक, जो सांगतो की तू अनेकांतला एक आहेस, कुणाहून मोठा नाहीस. मोबाइलवर रोज कुठल्या ना कुठल्या आपत्तीची बातमी सरकवून पुढे जाणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी हा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. रडू आलं नाही म्हणून माणूसपण संपत नाही. आपण वागतो कसं, तिथे ते दिसतं.

चौथ्या भागातला घड्याळाचा उतारा तर प्रत्येक गॅजेटप्रेमीने वाचावा. दिवसाला दोन मिनिटांहून जास्त मागे पडणारं घड्याळ शौकिनाला चालत नाही. तो ते दोनेक गिनींना (गिनी म्हणजे तेव्हाचं ब्रिटिश सोन्याचं नाणं) विकतो आणि पंधरवड्यात मिनिटभरापेक्षा जास्त मागे न पडणारं पन्नास गिनींना घेतो. पण हा माणूस इतरांपेक्षा वक्तशीर असतोच असं नाही! असल्या चिजा जवळ बाळगता याव्यात म्हणून लोक कपड्यांना जादा खिसे शिवून घेतात, हेही त्याने टिपलंय. त्याच्यापाठोपाठ येते गरिबाच्या मुलाची गोष्ट. बापाचं खोपटं त्याला लहान वाटतं, श्रीमंतांची घोडागाडी डोळ्यांत भरते, आणि तिच्यापायी तो जन्मभर राबतो, मनातून नकोशा माणसांची हांजी हांजी करतो. म्हातारपणी कळतं की हे वैभव उन्हाळ्यातली सर अडवतं, हिवाळ्यातलं वादळ नाही. कर्जाचे अर्ज भरून घेताना हे पान मला फार वेळा आठवलं. स्मिथ मात्र त्या मुलाला हिणवत नाही. याच भ्रमापोटी माणसाने जमीन कसली, घरं बांधली, शहरं वसवली, असं तो तिथेच म्हणतो.

दिवाळीनंतर बाबा गेले. त्या दिवसांत तिसऱ्याच भागातला एक सल्ला हाताशी आला: दुःखात असाल तर अंधारात एकटे बसू नका, फक्त जिवलगांमध्येही राहू नका, ज्यांना तुमचं दुःख ठाऊक नाही अशा परक्या लोकांत जा. तेरावं झाल्यावर मी कामावर रुजू झाले. लोक येत होते, स्लिप देत होते, “ताई, दहाच्या नोटा आहेत का?” विचारत होते. घरच्यांच्या मायेने जे जमलं नव्हतं ते त्या अनोळखी माणसांसमोर बसून जमलं. श्वास जागेवर आला. याचं कारणही पुस्तकात सुरुवातीलाच आहे: परक्याकडून आपण कमी अपेक्षा ठेवतो, म्हणून त्याच्यासमोर स्वतःला जास्त सावरतो.

आता उणिवा. पुस्तक लांबण लावतं. मुद्दा दोन पानांत सांगून झाला तरी स्मिथ आणखी चार उदाहरणं देतो. सातवा भाग आधीच्या सगळ्या नीतिपंथांचा आढावा आहे. मँडेव्हिलवरची पानं सोडली तर पहिल्या वाचनात तो बाजूला ठेवावा. माणुसकी हा बाईचा गुण आणि औदार्य पुरुषाचा, ही त्याची वाटणी मला मुळीच मान्य नाही. 1798 मध्ये हेच पुस्तक फ्रेंचमध्ये आणणाऱ्या सोफी द ग्रूशी या विदुषीने सोबत आठ पत्रं जोडून स्मिथच्या मांडणीत स्वतःची भर घातली, आणि सहानुभूतीची सुरुवात तान्ह्या बाळाच्या आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईच्या नात्यापर्यंत मागे नेली. ही भर गरजेचीच होती.

सगळ्यात मोठा प्रश्न आरशाचाच आहे. आरसाच वाकडा असेल तर? 1927 साली महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं गेलं. ते करणाऱ्यांच्या आतला प्रेक्षक गप्प का होता? कारण तो शेजारपाजारच्या नजरांनीच घडलेला होता. हा धोका स्मिथला दिसत नव्हता असं नाही. प्राचीन ग्रीसमध्ये तान्ही मुलं टाकून देण्याची रीत होती आणि रूढीपायी तिथल्या थोर तत्त्वज्ञांनीही तिची पाठराखण केली, हे तो स्वतः लिहितो. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या अंगी जो मनाचा मोठेपणा आहे त्याची त्यांच्या हलकट मालकांना कल्पनाही करता येणार नाही, हेही त्याने त्या काळात छापलं. पण रूढीच्या बाहेर पडायला लांबची, परकी नजर मुद्दाम आणावी लागते, हे तो सुचवतो तितकं जोर देऊन सांगत नाही. ते अमर्त्य सेन यांनी पुढे नीट मांडलं.

आणि आतल्या प्रेक्षकाचीही ताकद संपते. फ्रान्समधल्या तुलूझच्या जाँ कालासला मुलाच्या खुनाच्या खोट्या आरोपावरून 1762 मध्ये हाल करून मारलं गेलं. तीन वर्षांनी तो निर्दोष ठरला. कालासच्या मृत्यूनंतर दोनेक वर्षांनी स्मिथ त्याच शहरात राहिला होता. शेवटच्या घटकेला कबुली मागणाऱ्या धर्मगुरूला कालासने विचारलेला प्रश्न त्याने पुस्तकात घेतलाय: मी गुन्हेगार आहे असं तुम्हाला स्वतःला तरी वाटतं का? अशा माणसाला आपलं तत्त्वज्ञान पुरेसा दिलासा देऊ शकत नाही, असं स्मिथ सरळ लिहितो. या प्रामाणिकपणामुळे त्याच्यावरचा माझा विश्वास वाढला.

घ्यायचं असेल तर हक्क संपलेले असल्याने इंटरनेटवर मोफत प्रत मिळते, पण सेन यांची प्रस्तावना असलेली पेंग्विनची आवृत्ती मला जास्त उपयोगी पडली. कुठलीही घ्या, आत सहाव्या आवृत्तीचा मजकूर आहे ना एवढं तपासा. स्मिथने ती 1790 मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, खूप भर घालून काढली. श्रीमंतांना आणि सत्ताधाऱ्यांना जवळजवळ पुजण्याची आणि गरिबांकडे तुच्छतेने पाहण्याची आपली सवय हेच नीती बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण, हे प्रकरण त्याने तेव्हाच घातलं. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी आहे, अनुक्रमणिकेत लगेच सापडतं.