18 हजारांचा ब्लॅक बेल्ट

लेकीला मिळालेलं ब्लॅक बेल्टचं प्रमाणपत्र बनावट नव्हतं, हे आधी सांगून टाकते. त्यावरची सही खरी, शिक्का खरा, संस्थेचा नोंदणी क्रमांकही खरा. फक्त ती संस्था तिला कराटे शिकवणाऱ्या सरांची स्वतःचीच होती. अध्यक्ष सर, मुख्य परीक्षक सर आणि खजिनदार सरांची बायको. पोलिसांत जाऊन 'खोटं प्रमाणपत्र दिलं' म्हणायला गेलात तर बोट ठेवावं असं खोटं कागदावर काहीच सापडत नाही. कराटेच्या क्लासमध्ये होणारी फसवणूक बहुतेक वेळा अशीच असते, आणि ती ओळखायला वेळ लागतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. घडलं डोंबिवलीत. सरांचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे.

लेक पाचवीत असताना सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास सुरू झाला. महिना 700 रुपये, आठवड्यातून तीन दिवस. सर पस्तिशीचे, अंगाने चपळ. मावाशी-गेरी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची लाथ, मारून दाखवली की समोरच्या पोराच्या कानापाशी पाय अलगद थांबायचा. हे मुद्दाम सांगते, कारण फसवणाऱ्याला काही येत नसतं अशी आपली समजूत असते. या माणसाला येत होतं. पहिलं वर्ष त्यांनी शिकवलंही मन लावून. मुलं किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात, मांड्या थरथरेपर्यंत उभी राहायची, चुकलं की परत पहिल्यापासून. लेकीचा बुजरेपणा गेला. ते बघून मीही महिलांच्या बॅचमध्ये नाव घातलं; नाहीतरी तासभर बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी बसूनच असायचे.

मग परीक्षा सुरू झाल्या. दर तीन महिन्यांनी एक. येलो बेल्टला 600, ऑरेंजला 800, ग्रीनला 1,200, ब्लूला 1,800, आणि ब्राउनच्या तीन पायऱ्या, प्रत्येकी 3,500. बेल्टचे पैसे वेगळे, ड्रेसवरच्या बॅजचे वेगळे. ज्यांना घाई होती त्यांच्यासाठी 'डबल ग्रेडिंग' होतं: दोन परीक्षांची फी एकदम भरा, मधला रंग गाळा. हळूहळू क्लासचं रूपच पालटलं. स्टान्स, पंच, जोडीने करायचा सराव मागे पडला आणि येत्या परीक्षेत जी काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, असेल ती घोकून घ्यायची, एवढंच उरलं. शाळेत परीक्षेआधी 'आयएमपी' प्रश्न सांगतात ना, तसं.

एका परीक्षेला मी भिंतीला टेकून उभी होते. सत्तरेक मुलं, दोन टेबलं, मागे संस्थेचा फ्लेक्स. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा हेइआन निदान ही काता करताना मध्येच विसरला. हात तसाच कमरेशी, डोळे आईला शोधतायत. टेबलावरच्या सरांनी मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "नेक्स्ट." पुढच्या रविवारी त्या मुलाच्या कमरेला नवा बेल्ट होता. त्या हॉलमध्ये कोणी कधी नापास झाल्याचं मला आठवत नाही. पालकांनाही त्यात वावगं वाटत नव्हतं. पैसे भरलेत, पोरगं हिरमुसलं नको, असाच सूर.

बेल्टची ही पद्धत मुळात कराटेची नाहीच. ज्युदोचे जिगोरो कानो यांनी 1880 च्या दशकात दान श्रेणी, म्हणजे ब्लॅक बेल्टपासून वरच्या पायऱ्या, सुरू केली, गिचिन फुनाकोशी यांनी ती 1924 मध्ये कराटेत आणली, आणि रंगीत पट्टे तर युरोपातल्या ज्युदोच्या वर्गांतून 1930 च्या दशकात फोफावले. कराटेत दान देण्याचा एकाधिकार जगात कुणाकडेच नाही. प्रत्येक शैलीची, प्रत्येक संघटनेची आपापली परीक्षा. उद्या तुम्ही-आम्ही चार जणांनी मिळून संस्था काढली तर आपणही ब्लॅक बेल्ट वाटू शकतो. बेल्ट वाटण्यात सरांनी बेकायदेशीर असं काही केलंच नाही, ते याच मोकळ्या रानात बसले.

नोंदणीचंही तेच. सोसायटी नोंदणीचा 1860 चा कायदा आणि आपल्याकडचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा 1950 चा कायदा, यांखाली धर्मादाय आयुक्तांकडे संस्था नोंदवता येते. भजनी मंडळही नोंदवता येतं. त्या क्रमांकाचा अर्थ एवढाच की संस्था कागदावर अस्तित्वात आहे. पण फ्लेक्सवर 'महाराष्ट्र शासन नोंदणीकृत' अशी ठळक ओळ असते, आणि पालक ती 'शासनमान्य' अशी वाचतात. शेजारी 'आयएसओ 9001' छापलेलं असतं. ते प्रमाणपत्र संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीचं असतं. समोरच्या माणसाला कराटे शिकवता येतं का, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो.

दुसरी कमाई स्पर्धांची. 'इंटरनॅशनल ओपन चॅम्पियनशिप', प्रवेश फी 2,500, कातासाठी आणि कुमितेसाठी, म्हणजे समोरासमोरच्या लढतीसाठी, वेगवेगळी. परदेशी खेळाडू म्हणजे नेपाळहून आलेली चार-पाच मुलं. खरी गंमत गटांच्या आखणीत होती. वय, वजन, बेल्टचा रंग, मुलगा-मुलगी असं इतकं बारीक चिरलेलं की एका गटात जेमतेम चार जण. कराटेत ब्राँझ दोन देतात. म्हणजे एक गोल्ड, एक सिल्व्हर, दोन ब्राँझ, संपला गट! गळ्यात मेडल नसलेलं पोर त्या दिवशी हॉलमधून बाहेर पडलं नाही. सोमवारी नगरसेवकाच्या फोटोसकट चौकात बॅनर: 'आंतरराष्ट्रीय यशाबद्दल हार्दिक अभिनंदन'. आमच्याही नातेवाइकांनी तो व्हॉट्सअॅपवर फिरवला.

त्यानंतर मलेशियाचं पत्र आलं. 'भारतीय संघात निवड', 85,000 रुपये, त्यात तिरंगा लावलेला ब्लेझर. निवड चाचणी कधी झाली, हे कोणालाच माहीत नव्हतं आणि पत्र बॅचमधल्या जवळपास सगळ्यांना आलं होतं. आम्ही नाही म्हटलं, कारण सरळ होतं, तेवढे पैसे नव्हते. एका घरातून बाईंचं मंगळसूत्र गहाण ठेवून मुलगा गेला. तिथे एका हॉलमध्ये एक दिवस स्पर्धा, उरलेले तीन दिवस सहल. सर वर आणि ऑलिंपिकचं गाजर दाखवत असत: "2028 ला तुमचं पोर तिथे असेल." कराटे ऑलिंपिकमध्ये आलं ते फक्त टोकियोच्या खेळांत, 2021 मध्ये. 2024 च्या पॅरिसला नव्हतं आणि 2028 च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही नाही. मोबाइलवर दोन मिनिटांत कळणारी गोष्ट, पण समोर गी, म्हणजे कराटेचा ड्रेस, घातलेला, छातीवर तिरंगा लावलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर मोबाइल काढतंय कोण!

स्नेहसंमेलनात कौलं फोडण्याचे कार्यक्रम व्हायचे, त्याबद्दलही सांगायला हवं. कौलांच्या थरांमध्ये लाकडी पट्ट्यांचे छोटे तुकडे ठेवतात. मध्ये फट असली की वरचं कौल फुटून खालच्यावर आदळतं, ते त्याच्या खालच्यावर. थर एकमेकांना चिकटून ठेवा, मग बघा किती फुटतात. एवढं करूनही लेकीच्या हाताची बोटं दोन दिवस सुजली होती. वाढत्या वयातल्या हाडांवर हा प्रयोग करायचा तो फक्त पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनसाठी.

ब्लॅक बेल्टच्या परीक्षेचे 18,000 घेतले. दहावीच्या वर्षी सरांचं सांगणं असं की या प्रमाणपत्रावर आणि मेडलवर क्रीडा सवलतीचे गुण मिळतील, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातही उपयोग होईल. शाळेतल्या पीटीच्या सरांकडे कागद दिले. त्यांनी सगळे चाळले, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "ताई, यातला एकही चालायचा नाही." गुणांचा प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत जातो. तिथे कुठली स्पर्धा, कोणत्या संघटनेची, शासनाच्या यादीत बसते का, हे पाहतात. नोकरीच्या वेळी तर विभागीय उपसंचालकांकडे प्रमाणपत्राची पडताळणी होते. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धांमध्ये कराटे आहे, जिल्ह्यापासून राज्यापर्यंत. सरांनी आमच्या मुलांना तिथे एकदाही उतरवलं नाही. का, ते आता कळतं. तिथे बाहेरची मुलं भेटली असती.

ती भेट पुढे झाली. अकरावीला लेक पुण्याला मावशीकडे गेली आणि तिथल्या एका जुन्या क्लासमध्ये चौकशीला गेलो. तिथल्या सरांनी प्रमाणपत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. "झेंकुत्सु-दाचीत उभी राहा," म्हणाले, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून घेतलेल्या पवित्र्यात. ती उभी राहिली. त्यांनी दोन बोटांनी तिच्या खांद्याला रेटा दिला, अगदी हलकाच, आणि पोरगी दोन पावलं मागे गेली. मग विचारलं, गेदान-बाराई, म्हणजे हात खाली फिरवून केलेला अडवा, कशासाठी करतात? तिला हात फिरवायचा कसा ते येत होतं, समोरून लाथ येते आहे हे तिच्या डोक्यातच नव्हतं. हेइआनच्या पाचही काता तिने धडाधड करून दाखवल्या. सर शांतपणे म्हणाले, "पाठांतर उत्तम आहे." घरी येईपर्यंत ती रिक्षात एक शब्द बोलली नाही.

माझ्या बॅचचं दुखणं जास्त गंभीर होतं, असं मला वाटतं. महिला दिनाला 'एका दिवसात स्वसंरक्षण' असं शिबिर, 1,500 रुपये, प्रमाणपत्रासह. मनगट धरलं की असं फिरवा, सुटतं. तिथे खरंच सुटायचं, कारण धरणारी आमचीच मैत्रीण, तीही हसत-हसत धरणार. पुण्याच्या क्लासमध्ये एका कॉलेजच्या मुलाला सरांनी सांगितलं, काकूंचं मनगट धर, सोडू नकोस. मी शिकलेलं सगळं करून पाहिलं. त्याचा हात हललाही नाही. त्याच जोरावर मी रात्रीच्या शेवटच्या लोकलने निर्धास्त येत-जात होते. बेल्टचे पैसे गेले त्याचं मी विसरेन, हे विसरणार नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत प्रमाणपत्र कोणी विचारत नाही. वस्ताद रोज कोणाबरोबर तरी धरायला लावतो आणि पाठ लागली की कळतं. आमच्या हॉलमध्ये इतक्या वर्षांत जोर लावून धरणारं कोणी भेटलंच नव्हतं.

क्लास लावायचा असेल तर गुरूंना त्यांचा स्वतःचा दान कोणी दिला ते विचारा. जपान कराटे असोसिएशनसारख्या मोठ्या संघटनेचा असेल तर त्याची नोंद मुख्यालयात असते आणि खरा माणूस ती दाखवायला कचरत नाही. आमच्या सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गुरूवर विश्वास नसेल तर विद्या फळत नाही." मागच्या परीक्षेत किती जण नापास झाले, तेही विचारा. मुलं शासनाच्या शालेय स्पर्धेत उतरतात का, ते जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन पाहा. 'राष्ट्रीय संघटनेची मान्यता' हा शब्द आला की कुठली, कधीपासून, हे खोदून विचारा. कराटेच्या राष्ट्रीय संघटनेचीच मान्यता 2020 मध्ये गेली होती, तेव्हा भिंतीवरचं जुनं पत्र आज उपयोगाचं असेलच असं नाही. ब्लॅक बेल्ट अमुक महिन्यांत नक्की, असं लिहून देणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. आणि वर्षाची फी एकदम भरू नका, कितीही सवलत देवोत.

आम्ही आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सरांनी 18,000 परत द्यायची तयारी दाखवली, अट एकच, बाकीच्या पालकांना सांगायचं नाही. ती आम्ही मानली नाही आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही आणि वकील असलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती सांभाळा. अडचण पुराव्याची. फी संस्थेच्या नव्हे, सरांच्या स्वतःच्या खात्यावर जायची, छापील पावत्या मोजक्याच. गुण मिळतील, नोकरीत उपयोग होईल, हे सगळं तोंडी. आमच्या कामी आला तो ग्रुपवर त्यांनी स्वतः टाकलेला एक मेसेज, 'दहावीला गुण हमखास' असा. तो त्यांनी नंतर पुसला, पण एका आईने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. त्यांच्या वकिलांचं म्हणणं, कला शिकवणं ही ग्राहक कायद्यातली सेवाच नव्हे. पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. त्या हॉलमध्ये ज्यांची मुलं होती त्यांनी जुने मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी पुसू नयेत, फोन बदलत असाल तर आधी बॅकअप घ्या. मलेशियाला गेलेल्या मुलाच्या आईने ब्लेझरच्या पैशांची पावती शोधून काढली आहे, ती आम्ही पुरवणी कागदांत लावतो आहोत.