आठ महिने वापरल्यावर: कीबोर्ड ठीक, स्पेसबारचं मात्र ऐका

साडेचार हजारांचा मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला) घेऊन आठ महिने झाले. माझं काम दिवसभर मराठी टाइप करायचं, इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीवर. बाकीच्या बटणांबद्दल तक्रार नाही, रंगीत दिवे पहिल्याच दिवशी बंद केले. बोलायचंय ते स्पेसबारबद्दल.

ही पट्टी अक्षराच्या बटणापेक्षा सव्वासहा पट लांब, १२ सेंटिमीटरच्या आसपास. पण खाली स्विच एकच, मधोमध. कडेला दाबलं तरी पट्टी सपाट खाली जावी म्हणून दोन्ही टोकांना जोडणारी तार असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात. घोळ तिथेच होता. दुसऱ्या महिन्यात डावं टोक खडखडायला लागलं. रात्री अकरानंतर काम करत बसलो की आतून आवाज यायचा, "अहो, झोपू द्याल का?"

खडखड एक वेळ चालली असती. पण मी स्पेस डाव्या अंगठ्याने देतो, आणि त्या टोकाला पट्टी कधीकधी अडकून स्पेस पडायचीच नाही. इंग्रजी-मराठी बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबावी लागते. स्पेस हुकली की स्टार्ट मेनू उघडायचा आणि पुढचा अर्धा शब्द त्याच्या सर्चमध्ये जाऊन पडायचा. त्याहून वाईट म्हणजे, एका मजकुरात 'घर पण विकलं'चं 'घरपण विकलं' झालं. दोन्ही शब्द शुद्ध, स्पेलचेक हूं की चूं करत नाही. छपाईला जायच्या आधी सापडलं म्हणून वाचलो.

कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, "सर, मेकॅनिकलचा आवाज असाच असतो." मग स्वतःच पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी धरून उचलली (एका टोकाने ओढाल तर तार वाकेल) आणि तारेच्या टोकांना टूथपिकने थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं. दहा मिनिटांचं काम. गेले चार महिने स्पेस अडलेली नाही, खडखडही जवळजवळ गेली.

माझी बहीण रोमन अक्षरांत लिहून स्पेसने मराठी शब्द पक्का करते. म्हणजे तिची एक स्पेस हुकली तर शब्दच होत नाही. तिला मी हा कीबोर्ड सुचवणार नाही. तुम्ही दुकानात जाऊन घेणार असाल तर दिवे बघत बसू नका, स्पेस दोन्ही टोकांना दाबून बघा.

बाकी, पट्टीच्या डाव्या बाजूला अंगठ्याएवढा चकचकीत डाग पडलाय. उजवी बाजू अजून कोरी करकरीत.