४९९ रुपयांचा कौल

रँकवरून कुठलं कॉलेज मिळेल याचा अंदाज सांगणाऱ्या एका अ‍ॅपला दोन तारे देते. त्यातला एक हेल्पलाइनवरच्या मुलीला, कारण माझी तक्रार ऐकून ती मनापासून हसली.

फोंड्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मे-जून म्हणजे आमचा हंगाम. मार्कशीट, मामलेदाराचा दाखला, जातीचा दाखला, सगळं माझ्या काचेवरून जातं. कोणाचं मूल कुठे अर्ज करतंय ते त्याच्या मावशीच्या आधी मला कळतं. पण यंदा घरचीच मुलगी बारावी झाली आणि माझी सगळी हुशारी गळून पडली. जेईई मेनचा रँक एप्रिलमध्ये आला (किती ते लिहायचं नाही, असं तिने बजावलंय) आणि जोसाचे, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणाऱ्या केंद्रीय व्यवस्थेचे, फॉर्म थेट जूनमध्ये. मधला महिना खायला उठला. त्या महिन्यात मी हे कॉलेज प्रेडिक्टर अ‍ॅप घेतलं. नाव देत नाही, अशी पुष्कळ आहेत. फुकटात तीन कॉलेजं दाखवतात आणि पुढची यादी धूसर करून ठेवतात. त्या धूसर ओळींत 'नॅशनल' एवढंच वाचता येत होतं. तेवढ्यावर ४९९ रुपये गेले.

आत गेलं की रँक टाका, जातीचा प्रवर्ग टाका, मुलगा की मुलगी ते टाका. मग प्रत्येक कॉलेजापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका आणि शेजारी टक्के. दिसायला छान आहे, अक्षर मोठं आहे, मराठीतही चालतं. हे मराठीचं लक्षात ठेवा.

आमच्या घरी पहिल्याच संध्याकाळी नागपूरला हिरवा ठिपका लागला. तिथलं विश्वेश्वरय्या एनआयटी (एनआयटी म्हणजे केंद्राचं इंजिनियरिंग कॉलेज), मेटलर्जी ८१ टक्के, मायनिंग ८८ टक्के. आणि इथलं, आमच्या कुंकळ्ळीचं एनआयटी गोवा? कंप्युटर लाल, इलेक्ट्रॉनिक्सही लाल. माझ्या नवऱ्याचा ट्रक २०१८ मध्ये खाणी बंद झाल्यापासून आमच्या मागच्या अंगणात गंजत होता, गेल्या वर्षी भंगारात दिला. त्याने 'मायनिंग' वाचलं आणि जेवता जेवता ताट बाजूला सारलं. "पोरीक परत खाणीर धाडूं?" मी त्याला समजावलं की इंजिनियर म्हणजे ट्रक नव्हे. पण रात्री मीच उठून नागपूरच्या गाड्या बघत बसले.

चार दिवस हे चाललं. सासूबाईंनी शेजारणीला सांगूनही टाकलं की नात संत्र्यांच्या गावाला चालली.

पाचव्या दिवशी मुलीने प्रोफाइल उघडलं. तळाला बारीक अक्षरांत 'गृहराज्य: महाराष्ट्र'. आम्ही कुणी ते भरलं नव्हतं. मी भाषा मराठी निवडली, त्याबरोबर अ‍ॅपने राज्यही ठरवून मोकळं केलं! हिंदी निवडणाऱ्याला काय करतात कोण जाणे. गोव्यात मराठी वाचणारी माणसं आहेत, सकाळी पाववाला पोदेर येतो तेव्हा पावाबरोबर मराठी पेपरही दारात पडतो, हे ज्याने अ‍ॅप बनवलं त्याच्या गावीही नसणार.

आता याने एवढं काय बिघडतं, तर सगळंच. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात आणि तुमचं राज्य ठरतं बारावी कुठून पास झालात त्यावरून. घर कुठे, बोलता काय, याला किंमत नाही. (कोटाला जाऊन तिथून बारावी करणाऱ्या आमच्या मुलांनी हे आधीच विचारून घ्यावं, दुकानात दर वर्षी एक तरी आई यावरून रडते.) म्हणजे माझ्या मुलीला नागपूर बाहेरची म्हणून मोजणार आणि कुंकळ्ळी घरची म्हणून. अ‍ॅपने नेमकं उलटं मोजलं. राज्य बदलायला गेलो तर 'प्रोफाइल एकदाच बदलता येते', आणि ती एक संधी मुलीने नावाचं स्पेलिंग सुधारण्यात घालवली होती. तेव्हा ती हेल्पलाइनवाली हसली. तिने बदलून दिलं, ते मान्य करायला हवं. ठिपके सगळे उलटेपालटे झाले. कुंकळ्ळीचं इलेक्ट्रॉनिक्स हिरवं, कंप्युटर पिवळं, नागपूर लाल.

मग ते आता बरोबर होतं का? इथे माझी खरी तक्रार आहे. हे टक्के कुठून येतात ते कुठेच लिहिलेलं नाही. मुलीने जोसाच्या वेबसाइटवर मागच्या वर्षांचे ओपनिंग आणि क्लोजिंग रँक, म्हणजे जागा मिळालेल्या पहिल्या आणि शेवटच्या मुलाचे रँक, काढले. ते तिथे फुकट असतात, २०१६ पासूनचे, कॉलेजवार, शाखावार, फेरीवार. मी चार पानं छापली आणि पेन्सिलने खुणा केल्या. अ‍ॅपचा अंदाज मला तरी गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीवरच बेतलेला दिसला. शेवटच्या फेरीपर्यंत मागच्या रँकवाल्यांनाही जागा मिळत जाते, तेव्हा पहिल्या फेरीत मिळेल म्हणून हिरव्या ठिपक्यावर विसंबाल तर फसाल. बरं, ओबीसीचा दाखला यंदाच्या १ एप्रिलचा किंवा त्यानंतरचा लागतो, ही गोष्ट ४९९ रुपयांत कुठेही सांगत नाहीत. दुकानात जुना दाखला घेऊन येणाऱ्या पोरांना मी रोज सांगते, दोन रुपये पानाच्या भावात.

सासूबाईंचा मार्ग वेगळा. त्या गावच्या देवळात देवीचा कौल घ्यायला प्रसाद लावून आल्या. भटजींनी देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, उजवी पाकळी पडली. घरभर आनंद. मुलीने विचारलं, "आजी, तू नेमकं काय विचारलंस? कंप्युटर की इलेक्ट्रॉनिक्स?" सासूबाई म्हणाल्या, "पोरीचं बरं होईल का, एवढंच विचारलं गो." प्रश्न कसा विचारावा हे त्या अ‍ॅपवाल्यांपेक्षा सासूबाईंना जास्त कळतं, असं माझं मत झालंय.

जूनमध्ये जोसाची कॉलेज-शाखांच्या पसंतीची यादी भरायला सुरुवात झाली. जोसा अधेमध्ये मॉक वाटप करून दाखवते, की आत्तापर्यंत सगळ्यांनी भरलेल्या यादीप्रमाणे तुम्हाला काय मिळालं असतं. हाही पक्का निकाल नव्हे, लोक त्यानंतर याद्या बदलतात. पण त्यात यंदाची मुलं असतात, गेल्या वर्षीची नव्हेत. मॉकमध्ये कुंकळ्ळीचं इलेक्ट्रॉनिक्स आलं. मुलीने तरी कंप्युटर वरच ठेवलं, ते मला पटलं. फर्मागुडीचं सरकारी इंजिनियरिंग कॉलेज हाताशी आहेच, त्याचे कागद वेगळ्या पिशवीत आहेत.

यादी लॉक झाली तेव्हा मी दुकानात तिची प्रत काढली. सात पानं. सासूबाईंनी पहिल्या पानाला कुंकू लावलं, ते अक्षरावर सांडलं, म्हणून पुन्हा छापली.

तर विकत घ्यावं का? ज्याला घरात कोणी जोसाचं कोष्टक वाचून देणारं नाही, त्याने फार तर घ्यावं आणि आधी तळाचं गृहराज्य बघावं. ज्याच्या घरी मोबाइल वापरणारं एकही मूल आहे त्याने घेऊ नये. मी पैसे परत मागितलेत. पहिल्या फेरीचा निकाल अजून लागायचाय. दुकानातून दिवसात दहा वेळा दोन्हीकडे बघते, आणि अ‍ॅपवर तीच ओळ दिसते: 'आपली विनंती प्रक्रियेत आहे.'