व्होस्तोक आणि मर्क्युरी: पहिल्या मानवयुक्त अंतराळयानांची तुलना

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांनी सोव्हिएत संघाच्या व्होस्तोक यानातून पृथ्वीला एक प्रदक्षिणा घातली, तर अमेरिकेच्या मर्क्युरी यानातून जॉन ग्लेन २० फेब्रुवारी १९६२ रोजी तीन प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. वजनात मोठी तफावत होती: व्होस्तोक सुमारे पावणेपाच टनांचे, तर मर्क्युरी जेमतेम दीड टनाच्या आतले, कारण सोव्हिएत रॉकेट मुळातच जड अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी बांधलेले होते.

मला अधिक मोलाचा वाटतो तो चालकावरील विश्वासाचा फरक. वजनहीन अवस्थेत माणसाची बुद्धी शाबूत राहील की नाही, याची खात्री नसल्याने व्होस्तोकचे हस्तनियंत्रण कुलूपबंद ठेवून त्याचा सांकेतिक अंक लिफाफ्यात बंद केला होता. मर्क्युरीच्या अंतराळवीरांनी मात्र खिडकीचा आणि हस्तनियंत्रणाचा आग्रह धरला. ग्लेन यांच्या उड्डाणात स्वयंचलित दिशानियंत्रण बिघडले आणि त्यांनी यान स्वतः सांभाळले, तेव्हा तो आग्रह सार्थ ठरला.

परतीच्या बाबतीत मात्र व्होस्तोकच्या गोलाकार केबिनची रचना मला विलक्षण सुंदर वाटते. वजन एका बाजूस ठेवल्यामुळे हा गोल वातावरणात आपोआप योग्य दिशेला वळत असे. जमिनीवरचा आघात तीव्र असल्याने गागारिन सुमारे सात किलोमीटर उंचीवर आसनासह बाहेर पडून स्वतंत्र पॅराशूटने उतरले. मर्क्युरी अंतराळवीरासह समुद्रात उतरत असे.