बोर्दोची रेड: डावा काठ की उजवा काठ?

भारतात यायचं ठरलं की आठवड्याभरात कुणाचा तरी निरोप येतोच: "येताना एक चांगली फ्रेंच रेड वाइन आण रे. बोर्दो आण." हे म्हणजे "कोकणातून आंबे आण" म्हणण्यासारखं झालं. हापूस की पायरी, आज कापायचा की आढीत घालून ठेवायचा, हे विचारल्याशिवाय पेटी उचलायची कशी? बोर्दोच्या बाबतीत आढीचा प्रश्न तर सगळ्यात आधी येतो. माझी निवड शेवटी त्याच मुद्द्यावर झाली.

आठ वर्षं मी बोर्दो शहरात राहतोय. पहिली तीन-चार वर्षं पक्का डाव्या काठाचा होतो, आता बहुतांशी उजव्याचा आहे. वाइनचं कुठलंही शिक्षण नाही. जे लिहितोय ते घरच्या टेबलावर, घरच्या जेवणासोबत अनुभवलेलं आहे, तेव्हा त्या बेतानेच घ्या.

काठ म्हणजे काय, हे दोन ओळींत सांगतो. गॅरोन आणि दोर्दोन्य या नद्या शहराच्या उत्तरेला एकत्र येतात आणि जिरोंदची रुंद खाडी तयार होते. खाडीच्या डाव्या अंगाला मेदॉक: मार्गो, सँ-ज्युलियाँ, पोइयाक, सँतेस्तेफ ही गावं. उजवीकडे दोर्दोन्यच्या पलीकडे सँतेमिलियों, पोमरोल, फ्रोंसाक, कास्तियों. दोन्हीकडची रेड मिश्र द्राक्षांची असते. आपल्याकडे कापसात तूर लावतात, एक पीक गेलं तर दुसरं हात देईल म्हणून. इथल्या मिश्रणाचं मूळही तेच आहे. मेर्लो लवकर फुटते आणि लवकर पिकते, त्यामुळे एप्रिलच्या गोठत्या दहिवरात ती सापडते. कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते आणि सप्टेंबरअखेरच्या पावसात अडकते. दोन्ही लावल्या की वर्ष अगदीच वाया जात नाही. चव जमली ती त्यातूनच, पिढ्यानपिढ्या प्रमाण बदलत बदलत.

कुठली द्राक्षं पुढे करायची हे ठरवते जमीन. मेदॉकमध्ये वाळू-गोट्यांची जमीन आहे, पाणी झरझर निचरून जातं, दगड दिवसभर तापतात. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला ही ऊब लागतेच. हा भाग एकेकाळी दलदलीचा होता. सतराव्या शतकात डच लोकांनी चर खणून तो कोरडा केला, तेव्हा कुठे वेली जोमाने पसरल्या. उजव्या काठाला चिकणमाती आणि चुनखडी. ती थंड राहते, ओल धरते. तिथे कॅबर्ने सोव्हिन्यों कच्ची राहण्याची भीती, म्हणून मेर्लो मालकीण आणि जोडीला कॅबर्ने फ्राँ, जिला तिकडचे जुने लोक बूशे म्हणतात.

आता ग्लासात काय फरक पडतो? डाव्या काठाची चांगली बाटली मला नेहमी इस्त्रीचे कपडे घातलेल्या माणसासारखी वाटते. काळ्या बेरीचा वास, त्यामागे नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा, देवदाराच्या लाकडाचा, कधी पुदिन्याचा. घोट सरळ रेषेत जातो आणि शेवटी हिरड्यांवर तुरटपणाची एक पकड सोडतो. वर्ष थंड गेलं असेल तर कापलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो. काहींना तो आवडतो, आमच्या घरात नाही. उजव्या काठाची बाटली गोलसर. पिकलेला आलुबुखार, सुकं अंजीर, आणि जरा वय झालं की पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखं काहीतरी. तुरटपणा तिथेही असतो, पण जांभळाचा असावा तसा: जिभेवर रेंगाळतो, बोचत नाही.

कागदावर दोन्ही तोलामोलाच्या आहेत. माझा तराजू कशाने कलला ते सांगतो.

इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी मामेभाऊ पॅरिसहून दोन दिवसांसाठी आला. मी मोठ्या हौसेने सँतेस्तेफची २०१० ची बाटली आणली होती. वर्ष नावाजलेलं, दुकानदारानेही छातीठोक सांगितलं, "आता प्यायला हरकत नाही." साडेआठला बूच काढलं, ओतली, दोघांनी एकदमच घोट घेतला आणि एकमेकांकडे बघत राहिलो. कच्ची सुपारी चघळल्यासारखं तोंड आकसलं. वास जवळपास नाहीच. भाऊ सज्जन, "छान आहे, जड आहे," म्हणाला आणि पाण्याचा ग्लास जवळ ओढला. जेवण झालं, बाटली पाऊण संपली, तिने काही तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला स्टेशनवर सोडून आलो. संध्याकाळी ओट्यावर उरलेली बाटली दिसली, टाकून द्यावी म्हणून वास घेतला आणि तिथेच थबकलो. पेन्सिल, देवदार, बेरी, सगळं होतं. जेमतेम दीड ग्लास उरली होती, ती मी एकट्याने उभ्याउभ्या प्यायलो. पाहुणा गेल्यावर बोलायला लागलेली बाटली!

एकदा झालं असतं तर विसरलो असतो. पुढच्या दोन वर्षांत तीनदा झालं. मग डिकँटर घेतला. दुपारी चारला वाइन त्यात ओतायची, म्हणजे आठला ती माणसात येते. उपाय खरा आहे, तरुण मेदॉकला हवा दिली की ती नरमते. पण त्यासाठी दुपारी चारला घरी असायला हवं, आणि पाहुणे येणार की नाही हे चारला माहीत असायला हवं. आमच्याकडे सातला फोन येतो, "खालीच आहोत, वर येऊ का?" शिवाय त्या बुटक्या-फुगीर भांड्याच्या तळाशी लाल डाग बसतो आणि आत हात जात नाही. बायकोने शेवटी त्यात मूठभर तांदूळ आणि व्हिनेगर घालून खळखळवून तो काढला, आणि भांडं माळ्यावर ठेवलं. अजून तिथेच आहे.

यावर जाणकार म्हणतील, घाई तुझी, बाटलीचा काय दोष? पंधरा वर्षं ठेवायची. मान्य. पण ठेवायची कुठे? आम्ही चौथ्या मजल्यावर पत्र्याच्या उतरत्या छपराखाली भाड्याने राहत होतो. २०१९ च्या जुलैत शहराचा पारा ४१ च्या पुढे गेला. पलंगाखाली सहा बाटल्यांची लाकडी पेटी होती. ऑगस्टमध्ये बघतो तर एकीचं बूच कागदाची टोपी ढकलून दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं. तिची चव शिजवलेल्या जामसारखी झाली होती. ज्याच्याकडे तळघर आहे त्याने डावा काठ घ्यावा, असं तेव्हापासून मी म्हणतो. भाड्याच्या घरात पंधरा वर्षं वाट बघणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात चिंच लावण्यासारखं आहे.

उजव्या काठाकडे वळलो तो असा कंटाळून. फ्रोंसाकची पाच वर्षांची एक बाटली, किंमत त्या सँतेस्तेफच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. साडेसातला उघडली, पावणेआठला ती गप्पांत सामील झाली होती.

म्हणून उजव्या काठाचं सगळं गोड आहे असं नाही. तिथला मोठा ताप म्हणजे लेबल. मेदॉकच्या वाइन-घराण्यांची १८५५ ची दर्जावार यादी एकदा पाठ केली की झालं. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी केलेली, आज ६१ नावं, आणि वरच्या पायरीवरचा ठळक बदल एकच, १९७३ साली मूतों या घराण्याला मिळालेली बढती. त्या यादीत उजव्या काठाचं एकही नाव नाही. तेव्हा तिकडचा व्यापार लिबूर्नचे वेगळे व्यापारी बघत आणि बोर्दोच्या दलालांना पलीकडचं फारसं पडलेलं नव्हतं. सँतेमिलियोंने आपली यादी १९५५ मध्ये केली आणि दर दहा वर्षांनी ती नव्याने करायचं ठरवलं. कल्पना चांगली, पण त्यातून कोर्टकचेऱ्याच जास्त निघाल्या. २०२२ च्या यादीआधी शवाल ब्लाँ, ओझोन आणि अँजेल्यूस ही बडी घराणी बाहेरच पडली. पोमरोलने यादीच केली नाही. आणि ग्राहकाला खरी चकवते ती गोष्ट ही: लेबलवर नुसतं "सँतेमिलियों ग्राँ क्र्यू" असेल तर तो मानाचा दर्जा नव्हे, थोडे कडक नियम पाळलेलं ते उगमनाव आहे, म्हणजे वाइन कुठल्या भागातली ते सांगणारं नाव. मानाची बाटली हवी तर पुढे "क्लासे" हा शब्द दिसला पाहिजे. मी स्वतः वर्षभर फसलो होतो.

दुसरी तक्रार दारूच्या जोराची. उन्हाळे तापायला लागल्यापासून मेर्लोत साखर भराभर चढते. २०१८ च्या कित्येक उजव्या बाटल्यांवर साडेचौदा-पंधरा टक्के लिहिलेलं आहे. दुसऱ्या ग्लासानंतर डोकं जड होतं. कॅबर्ने फ्राँचा वाटा जास्त असलेली घेतली तर हे बरंच आवरतं, म्हणून मी हल्ली मागच्या लेबलवर आधी तेच शोधतो.

जेवणाचं म्हणाल, तर पोइयाकच्या कोवळ्या कोकराच्या भाजलेल्या मांसाला डावा काठच. चरबी आणि तुरटपणा एकमेकांना कापतात, तिथे मेर्लो फिकी पडते. पण आपल्या घरी ताटात काय असतं? तुरट वाइन तिखटावर तेल ओतते, हे मी कोल्हापुरी तांबड्या रश्श्यावर आजमावलंय. कान लाल झाले. उजव्या काठाने तेवढा भडका उडाला नाही, तरी खरं सांगायचं तर तांबड्यासोबत बिअरच. पांढऱ्या रश्श्याशी, खिम्याशी, अगदी भरल्या वांग्याशी मात्र फ्रोंसाक-कास्तियोंचं छान जुळतं. वांगं आणि मेर्लो ही जोडी मला अपघाताने सापडली, एका गुरुवारी मटण नव्हतं म्हणून.

बघायला जायचं असेल तर? मेदॉक म्हणजे उंच फाटकं, महालासारखी शातो (वाइन-घराण्यांचे वाडे), आधी वेळ घेऊन जायचं. सँतेमिलियोंला बोर्दोहून लोकल गाडी जाते, स्टेशनापासून द्राक्षमळ्यांतून दीडेक किलोमीटर चालायचं आणि चुनखडीच्या डोंगरात कोरलेलं अख्खं चर्च बघायचं. वेरूळ पाहिलेल्याला त्यात खांबांपुढे फार वेळ उभं राहावंसं वाटेल. पोमरोलमध्ये महाल फारसे नाहीत, सगळा मिळून ८०० हेक्टरांचा शेतमळ्यांचा पट्टा. तिथे शेतकऱ्याच्या अंगणात उभं राहून चव घेतल्यासारखं वाटतं. वाइनचे नामांकित सल्लागार मिशेल रोलाँ इथलेच, लिबूर्नचे. बेंगळुरूजवळच्या ग्रोव्हरच्या "ला रिझर्व"ला त्यांचा सल्ला होता, म्हणजे उजव्या काठाचा हात तुमच्यापैकी काहींच्या ग्लासाला आधीच लागलेला असेल.

डाव्या काठावर अन्याय नको म्हणून एक सांगायला हवं. शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात, त्यांच्या इमारतीला खरं दगडी तळघर आहे. एका नाताळात त्यांनी १९९६ ची पोइयाक उघडली. ते वर्ष मेदॉकच्या कॅबर्नेचं गाजलेलं. रंग कडेने विटकरी झालेला. वास घेतला आणि मला काही सुचेना. आजोळच्या लाकडी कपाटाचं दार उघडलं की जे काही अंगावर येई, तेच. तुरटपणाचं रेशीम झालं होतं. आठ वर्षांत उजव्या काठाने मला तसा घोट एकदाही दिलेला नाही, हे कबूल. पण ती बाटली त्यांनी विकत घेतली तेव्हा मी शाळेत होतो.

तर, माझ्यापुरतं गणित असं. भारतात विमानाने नेताना माणशी दोन लिटरपर्यंत जकात नाही, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या; तिसरी घेतली की पाव लिटर जास्त होतं. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात त्या कपाटात वर्षानुवर्षं राहणार नाहीत, दोन-चार महिन्यांत उघडल्याच जातील, तेही बहुधा कुणीतरी अवचित आल्यावर. अशा वेळी मी फ्रोंसाक किंवा कास्तियों घेतो, चार-सहा वर्षांची, आणि वरचे पैसे वाचवतो. एखाद्याला नावाचंच अप्रूप असेल तर सँतेमिलियों, "क्लासे" बघून. डाव्या काठाचाच हट्ट असेल तर निदान ज्यात मेर्लो निम्म्याच्या आसपास आहे अशी मेदॉकमधलीच ओ-मेदॉक किंवा मुलिस घ्या, आणि चारला उघडा. कुणाकडे तळघर असेल, किंवा नुसता थंड कोपरा आणि धीर असेल, तर माझं हे सगळं उलटं वाचायला हरकत नाही.

माझ्या नावावर सध्या डाव्या काठाची एकच बाटली आहे, २०१६ ची पोइयाक. ती आजोबांच्या तळघरात ठेवलीय, किल्ली त्यांच्याकडे. दर नाताळाला मी विचारतो, आणि ते मान हलवून म्हणतात, अजून नाही.